ताडाचा मेंदू: एका घासासाठी पडलेल्या झाडांचा इतिहास

#थ्रेड

इ.स.पू. ४०१. बॅबिलोनजवळ कुनाक्सा येथे दहा हजारांहून अधिक ग्रीक भाडोत्री सैनिक एका चमत्कारिक पेचात सापडले होते. आपल्या बाजूची लढाई त्यांनी जिंकली होती. पण ज्याच्यासाठी ते एवढ्या दूर लढायला आले तो धाकटा सायरस त्याच लढाईत मारला गेला होता. समोर त्याचा भाऊ, इराणचा सम्राट आर्टाझर्क्सिस दुसरा. घर शेकडो कोस दूर आणि शिदोरी संपलेली.

सम्राटाचे दूत तहाची बोलणी घेऊन आले, तेव्हा ग्रीकांचा स्पार्टन सेनानी क्लिआर्कस याने आधी न्याहारीची मागणी केली. न्याहारी नसेल तर तह नाही, लढाईच होईल, असा त्याचा निरोप होता. सम्राटाने तो मानला. वाटाडे या उपाशी सैन्याला अन्नाने भरलेल्या गावांकडे घेऊन निघाले. वाटेत तुडुंब भरलेले कालवे लागले. ते ओलांडण्यासाठी सैनिकांनी आधीच पडलेली खजुराची झाडे आडवी टाकली, आणि ती पुरेनात तेव्हा उभी झाडे तोडली.

त्या गावांत काय खायला मिळाले, याची नोंद या मोहिमेत स्वतः असलेल्या झेनोफनने आपल्या ‘अनाबासिस’ या ग्रंथात केली आहे. धान्य होते, खजुराची दारू होती, तिच्यापासून उकळून केलेले आंबट पेय होते. ग्रीसमध्ये जसला खजूर मिळे तसला तिथे नोकरचाकरांच्या वाट्याला जाई. मालकांचा खजूर निवडक, टपोरा, अंबराच्या रंगाचा. त्यातला काही वाळवून गोड खाऊ म्हणून ठेवत. दारूबरोबर तो छान लागे, पण डोके धरे.

तिथेच त्या सैनिकांनी आयुष्यात प्रथम खजुराच्या झाडाचा ‘मेंदू’ खाल्ला. झेनोफनचा शब्द ‘एन्केफालोस’. त्याचा अर्थ शब्दशः मेंदू. त्याच्या आकाराचे आणि आगळ्या चवीचे बहुतेकांना नवल वाटले. त्यानेही डोके दुखले. आणि मग झेनोफन जाता जाता सांगतो की, ज्या झाडाचा हा मेंदू काढला जाई, ते झाड पूर्ण वाळून जाई.

आज डब्यातून किंवा काचेच्या बरणीतून येणारा, पांढराशुभ्र, कांडीसारखा ‘हार्ट ऑफ पाम’ म्हणजे हाच मेंदू, अर्थात झाडाच्या शेंड्यातला गाभा. चवीला सौम्य, किंचित गोडसर, कोवळ्या मक्याच्या कणसाची आठवण करून देणारा. सॅलडमध्ये त्याच्या चकत्या टाकणाऱ्याला तो एखाद्या भाजीसारखाच वाटतो. वास्तविक ती भाजी म्हणजे एक अख्खे झाड असते.

असे का, हे समजायला वनस्पतिशास्त्र थोडेसे पुरते. माड, पोफळ, ताड, शिंदी, खजूर ही सारी एका कुळातली झाडे. आंब्याला फांद्या फुटतात. एक छाटली तर दुसरी येते. ताडकुळातल्या बहुतेक झाडांना ही सोय नाही. एका खोडाला वाढीचा एकच कोंब, तोही अगदी शेंड्याशी, पानांच्या देठांच्या आवरणात खोल दडलेला. तिथे अजून न उमललेली कोवळी पाने एकात एक गुंडाळलेली असतात. तीच खाण्याजोगी. ती काढायची तर झाडाचा शेंडा तोडावा लागतो आणि त्याबरोबर कोंब जातो. कोकणातल्या बागायतदाराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. गेंड्या भुंग्याने माडाची सुई पोखरली किंवा पावसाळ्यात कोंब कुजला, की त्याच्या छातीत धस्स होते ते याचसाठी.

याला अपवाद आहे आणि तोही ग्रीकांनीच टिपून ठेवला. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने नोंदवले की, खजुराचा मेंदू काढला की तो मरतो, पण खुज्या जातीचा एक ताड जगतो; तोडला तरी मुळापासून पुन्हा फुटतो. म्हणजे काही जाती केळीसारख्या बेटाने वाढतात. एक खोड गेले तरी शेजारचे उभे राहते. एकखोडी झाड आणि बेटाने वाढणारे झाड हा फरक इथेच ध्यानात ठेवावा. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर एका जंगलाचे भवितव्य याच फरकावर ठरणार होते.

मेसोपोटेमियात खजूर हे केवळ फळ नव्हते, ते भांडवल होते. रोप लावल्यापासून फळ हाती यायला काही वर्षे लागत. म्हणून हम्मुराबीच्या संहितेत (इ.स.पू. अठरावे शतक) बागांसाठी स्वतंत्र कलमे आहेत. माळ्याने दुसऱ्याच्या जमिनीत बाग लावली तर चार वर्षे ती वाढवायची आणि पाचव्या वर्षी मालकाशी निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. मालकाला न विचारता त्याच्या बागेतले झाड तोडले तर दंड अर्धा मिना चांदी, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे पाव किलो.

जे कायद्याने इतके जपले, तेच शत्रूला चिरडण्यासाठी तोडले जाई, हे ओघानेच आले. असीरियाचा राजा सेन्नाखेरिब याच्या निनवे येथील राजवाड्यातल्या शिल्पपटांत सैनिक खजुराच्या झाडांवर कुऱ्हाडी चालवताना कोरलेले आहेत. जिंकलेल्या शहराची लूट एका दिवसाची असते. तोडलेली बाग शत्रूला पुढची काही वर्षे उपाशी ठेवते. हिब्रू बायबलच्या ‘अनुवाद’ या ग्रंथात वेढ्याच्या काळात फळझाडे तोडू नयेत, अशी स्पष्ट आज्ञा आहे. जे सर्रास घडत असते त्यालाच मनाई करावी लागते. आणि हे प्राचीन काळापुरतेही नाही. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात बसऱ्याजवळ शत-अल-अरबच्या काठावरची लाखो खजुराची झाडे नष्ट झाली.

तर मग झाडाचा मेंदू खात कोण असे? जुन्या नोंदी पाहिल्या तर एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो: ज्याला तिथे राहायचे नाही तो. वाटेवरचे सैन्य, किनाऱ्याला लागलेले खलाशी, उपाशी आरमार. सिसिलीचा भ्रष्ट सुभेदार व्हेरेस याच्याविरुद्ध इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने लिहिलेल्या भाषणांत अर्धपोटी ठेवलेल्या नौदलाचे वर्णन आहे. ते खलाशी किनाऱ्यावर उतरून रानताडाची मुळे खणून खात होते. पाच-दहा वर्षांनी इथे फळ येईल, हा विचार ज्याच्या डोक्यात असूच शकत नाही, त्याला झाडाचा शेंडा म्हणजे आजचे जेवण.

ज्याला तिथेच राहायचे असते, त्याचा हिशेब वेगळा असतो. कोकण आणि गोवा याचे चांगले उदाहरण. इथेही माडाचा गाभा खाण्याजोगा आहे, हे लोकांना ठाऊक नाही असे नाही; वादळाने माड आडवा झाला की त्याच्या शेंड्यातला गोड गाभा पोरांच्या हाती पडतो. पण त्यासाठी उभ्या माडाला कोणी हात लावत नाही. या किनाऱ्याने माडाकडून घेतला तो रस. न उमललेली पोय बांधायची, हलके ठोकायची, टोकाशी रोज पातळ काप द्यायचा आणि खाली मडके लावायचे. त्या पोयीचे नारळ जातात, झाड मात्र जगते. कोकणातले भंडारी आणि गोव्यातले रेंदेर यांचे पिढीजात कसब हेच: झाडाला जखम करायची, पण तिच्याने झाड मरू द्यायचे नाही.

त्या एका रसावर केवढे स्वयंपाकघर उभे राहिले! ताजी नीरा, आंबली की माडी किंवा सूर, आटवली की माडाचा गूळ, आणखी आंबवली की शिर्का. गोव्यातल्या सान्नांचे पीठ पारंपरिक रीतीने फुगते ते सुरेनेच. पोर्तुगीजांच्या द्राक्षमद्य आणि लसूण घातलेल्या मांसाच्या कालवणाचे इथे विंदालू झाले, त्यात द्राक्षमद्याची जागा माडाच्या शिर्क्याने घेतली. ब्रिटिशांनाही या रसाची किंमत अचूक कळली होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढायला परवाना आणि झाडागणिक कर ही व्यवस्था पक्की केली. कर झाडागणिक बसला, याचा अर्थ सरकारलाही झाड जिवंतच हवे होते!

आता अटलांटिकच्या पलीकडे. या कथेतले सर्वांत मोठे प्रकरण तिथले आहे, आणि त्याची सुरुवात हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजांवरच होते.

९ मार्च १५०० रोजी पेद्रो आल्व्हारिश काब्राल याचा तेरा जहाजांचा काफिला लिस्बनहून कालिकतला निघाला. वाटेत तो पश्चिमेला फार दूर गेला आणि २२ एप्रिलला त्यांना अनोळखी किनारा दिसला. तो आजचा ब्राझील. काफिल्यावर पेरू व्हाझ द कामिन्या नावाचा लेखनिक होता; कालिकतला वखार उघडल्यावर तिथला हिशेब ठेवण्यासाठी त्याची नेमणूक झालेली होती. १ मे १५०० रोजी त्याने राजा मानुएल याला जे पत्र लिहिले, तो ब्राझीलविषयीचा पहिला लिखित वृत्तान्त मानला जातो.

त्या पत्रात तिथली माणसे आहेत, पोपट आहेत, पाणी आहे. आणि एका ओढ्याच्या काठी असलेले, फारसे उंच नसलेले ताडही आहेत. त्यांच्यात फार चांगले गाभे होते आणि काफिल्यातल्या लोकांनी ते काढून पुष्कळ खाल्ले, असे कामिन्या लिहितो. पोर्तुगीज शब्द ‘पाल्मितू’, आजही तोच. ब्राझीलच्या लिखित इतिहासाच्या पहिल्याच कागदावर पाहुण्यांनी झाडाचा शेंडा खाल्ल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांसारखेच हेही वाटसरू होते. कामिन्या पुढे कालिकतला पोहोचला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्तुगीज वखारीवर झालेल्या हल्ल्यात मारला गेला. त्याचे पत्र तीन शतके दप्तरात पडून राहिले; छापले गेले १८१७ मध्ये.

ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत तेव्हा ‘माता अटलांटिका’ म्हणून ओळखले जाणारे घनदाट जंगल पसरलेले होते. त्याच्या सावलीत लाखोंच्या संख्येने वाढणारा सडपातळ, उंच ताड म्हणजे जुसारा. नाव तुपी भाषेतले. त्याचा गाभा गोडसर आणि मऊ. जाणकार आजही त्याला सर्वांत चवदार मानतात. पण तो एकखोडी आहे. तोडला की बुंध्यातून काही फुटत नाही. गाभा काढण्याजोगा व्हायला त्याला आठ-दहा वर्षे लागतात आणि एवढ्या प्रतीक्षेनंतर एका झाडातून हाती येतो जेमतेम अर्धा किलो.

जंगल अफाट आणि खाणारे थोडे, तोवर हा हिशेब कोणाला बोचला नाही. पाल्मितू तिथल्या स्वयंपाकात मुरत गेला. किनाऱ्यावरच्या एस्पिरितु सांतु प्रांतात पवित्र आठवड्यात, विशेषतः शुभ शुक्रवारी, ‘तोर्ता काप्शाबा’ हा पदार्थ होतो. उपवासाच्या त्या दिवसांत मांस वर्ज्य. म्हणून खारवलेला कॉड मासा, खेकडे, कोळंबी, शिंपले आणि भरपूर पाल्मितू एकत्र परतून, वर फेटलेली अंडी ओतून हे सारे भाजले जाते. भांडे काळ्या मातीचे, गोयाबेरास गावच्या स्त्रियांनी हाताने घडवलेले. या कुंभारकामाला २००२ मध्ये ब्राझीलने आपल्या अमूर्त वारशाच्या नोंदवहीत पहिले स्थान दिले. शेजारच्या बाहिया प्रांतात पाल्मितूचे ‘मुकेका’ हे कालवण करतात, आणि त्या एका भांड्यात तीन खंडांचे ताड भेटतात. गाभा तिथल्या मातीतला. केशरी रंगाचे देंदे तेल पश्चिम आफ्रिकेतल्या तेलताडाचे, गुलामांच्या व्यापाराबरोबर आलेले. आणि नारळाचे दूध? ब्राझीलच्या किनाऱ्यावर १५०० मध्ये माड नव्हता. तो हिंदी महासागराच्या काठावरून पोर्तुगीजांनी उचलला आणि केप व्हर्द बेटांमार्गे सोळाव्या शतकात बाहियात नेला.

उपवासाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या एकादशीच्या ताटाकडेही एकदा पाहायला हवे. साबुदाणा हा शब्द मलय ‘सागु’वरून आला. सागु हे आग्नेय आशियातल्या दलदलीत वाढणाऱ्या एका ताडाचे खोड कुटून, धुऊन काढलेले पिठूळ सत्त्व. फुलोरा येण्याच्या बेतात असलेले झाड तोडायचे आणि साऱ्या आयुष्यात त्याने साठवलेली पुंजी काढून घ्यायची. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस याने १८६९ च्या ‘द मलय आर्किपेलॅगो’ या ग्रंथात हिशेब मांडला आहे: एका चांगल्या झाडापासून सुमारे १८०० भाकऱ्या, म्हणजे एका माणसाचे वर्षभराचे अन्न. इतके स्वस्त अन्न माणसाला आळशी करते, अशी टिप्पणीही त्याने जोडली. वर्षाचे अन्न दहा दिवसांत मिळवणाऱ्याला आळशी म्हणायचे की शहाणा, हे बहुधा म्हणणाऱ्याच्या पोटावर अवलंबून असते. मात्र सागुचा ताड बेटाने वाढतो. एक खोड पाडले तरी बुंध्याशी पुढची पिढी तयार असते. आज खिचडीत पडतो तो साबुदाणा या ताडाचा नाहीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयात अडली आणि १९४० च्या दशकात तामिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओका कंदापासून तसेच मोती वळण्याचा धंदा उभा राहिला. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनीच आणलेला. महाराष्ट्राचा उपवास अशा रीतीने ताडाच्या नावाने ब्राझीलच्या कंदावर सुटतो.

जुसाराचे भाग्य फिरले ते डब्यामुळे. कापलेला गाभा हवेत काही वेळातच काळपट पडतो, म्हणून ताजा तो दूर जाऊ शकत नसे. आम्लयुक्त खाऱ्या पाण्यात डबाबंद करण्याची सोय झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यात साओ पाउलो, पाराना, सांता कातारिना या दक्षिणेकडच्या प्रांतांत कारखाने निघाले. अर्ध्या किलोचे ते जंगली खाद्य आता साओ पाउलोच्या पेस्टऱ्यांत, रस्त्यावरच्या तळलेल्या ‘पास्तेल’मध्ये आणि पॅरिसच्या सॅलडमध्ये जाऊ लागले. फ्रान्स मोठे गिऱ्हाईक ठरला. मॉरिशसमध्ये अशाच सॅलडला ‘लक्षाधीशाचे सॅलड’ म्हणतात, कारण एका थाळीसाठी एक झाड लागते. ब्राझीलमध्ये तो लक्षाधीशाचा पदार्थ उरला नाही. तो स्वस्त झाला. आणि स्वस्त झाला तो केवळ झाडाची खरी किंमत कोणी डब्यावर लिहिली नाही म्हणून.

हा लागवडीचा माल नव्हता. कारखान्याने झाड लावलेले नव्हते, तोडणाऱ्याने नव्हते, अनेकदा जमिनीच्या मालकानेही नव्हते. दहा वर्षे थांबून फळलेले झाड तोडावे, तर तोवर दुसरा कोणी ते तोडून नेईल. मग बी धरण्याआधीच झाड पडू लागले आणि जंगलात पुढची पिढी रुजेना. हम्मुराबीच्या माळ्याला पाचव्या वर्षीच्या निम्म्या वाट्याची हमी होती. इथे तोडणाऱ्याला उद्याचीही नव्हती. १९६० च्या दशकाअखेर दक्षिणेतली जुसाराची राने इतकी विरळ झाली की, कारखान्यांनी आपला मुक्काम हलवला.

मागे राहिला चोरटा धंदा. ‘पाल्मितेरू’ म्हणजे रात्री जंगलात शिरून गाभे काढणारा माणूस. रिबेरा नदीच्या खोऱ्यात ही कामे करणारे बहुतांशी गरीबच असत, आणि संरक्षित जंगलात पकडले जाण्याचा धोका त्यांचा असे, नफा पुढच्या साखळीचा. गाभे जंगलातल्याच आडोशाला उकळून बरण्यांत भरले जात. आम्लाचे प्रमाण चुकले तर अशा बरणीत बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बरणीबंद पाल्मितूमुळे अशी विषबाधा झाल्यावर ब्राझीलमध्ये नियम कडक झाले आणि खाण्यापूर्वी पंधरा मिनिटे उकळावे, अशी सूचना वेष्टनांवर आली. आपण दुसऱ्याच्या जंगलातले काही खातो आहोत, हे शहरी ग्राहकाला प्रथम उमगले ते स्वतःच्या जिवावर बेतल्यावर.

जंगलाच्या बाजूने नुकसान याहून खोल होते. जुसाराची काळी-जांभळी फळे टूकन, बेलबर्ड, कस्तूर असे कितीतरी पक्षी खातात आणि बिया पसरवतात. माता अटलांटिकाचे क्षेत्र आज मूळच्या साधारण आठव्या हिश्शाइतके उरले आहे आणि त्याच्या अनेक तुकड्यांतून मोठ्या चोचीचे पक्षी केव्हाच नाहीसे झाले. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा २२ ठिकाणच्या जुसाराच्या बिया मोजल्या गेल्या. जिथे मोठे पक्षी उरले नाहीत, तिथे बिया लहान झाल्या होत्या. लहान चोचीत मावतील तेवढ्याच पसरत होत्या. लहान बी लवकर सुकते. म्हणजे जे झाड कुऱ्हाडीतून वाचले, त्याची संततीही दुबळी होत चालली होती.

कारखाने हलले ते उत्तरेला, ॲमेझॉनच्या मुखाशी, पारा प्रांतात. तिथे जुसाराचा सख्खा चुलतभाऊ वाढतो: असाई. त्याचा गाभा थोडा कडक, पण डब्यात चालणारा. आणि तो बेटाने वाढतो! थिओफ्रास्टसच्या खुज्या ताडासारखाच. एका बेटातली जाड खोडे काढून बाकीची राखली तर झाड मरतच नाही. तरीही १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक ठिकाणी अख्खी बेटे साफ केली गेली. असाईची तोड रोखण्यासाठी १९७८ मध्ये कायदा झाला. दलदलीच्या त्या बेटांवर तो पाळायला लावणार कोण, हा प्रश्न उरलाच.

असाईला वाचवले ते बेलेंच्या बाजाराने. त्या शहरात असाईच्या फळांचा दाट जांभळा रस हे गोरगरिबांचे रोजचे जेवण. कसाव्याच्या भरड पिठाबरोबर आणि तळलेल्या माशाबरोबर वाडग्यातून खायचे. खेड्यांतून माणसे शहरात आली, तशी ही मागणी वाढत गेली. पुढे १९९० च्या दशकापासून रिओ, साओ पाउलो आणि मग परदेशांत असाईचे वेड पसरले. नदीकाठच्या कुटुंबांनी सरळ हिशेब केला: खोड तोडून गाभा एकदाच विकला जातो, उभे ठेवले तर फळ दरवर्षी येते. ज्या बेटांवर कुऱ्हाडी चालत होत्या, तिथे लोक असाई लावू लागले. परदेशातल्या त्या वेडाची थट्टा खुशाल करावी. पण कायद्याला न जमलेले काम त्याने केले, हे नाकारता येत नाही. त्याची दुसरी बाजूही आहे. बेलेंच्या गरिबाचे अन्न महागले आणि काही ठिकाणी पूरमैदानातले मिश्र जंगल जाऊन नुसत्या असाईच्या बागा झाल्या.

दरम्यान डब्यातला गाभा बदलत गेला. ॲमेझॉन खोऱ्यातल्या मूलनिवासींनी युरोपीय येण्याच्या कितीतरी आधी माणसाळवलेला एक ताड आहे, पुपुन्या. त्याची फळे उकडून खातात. तोही बेटाने वाढतो, दीड-दोन वर्षांत तोडणीला येतो, पुन्हा फुटतो, आणि कापल्यावर त्याचा गाभा काळा पडत नाही. कोस्टारिका, इक्वेडोर आणि खुद्द ब्राझीलमध्ये आज त्याची शेते आहेत. ज्या रिबेरा खोऱ्यात जुसारा चोरला जाई, तिथेही. चवीला तो जुसाराच्या तोडीचा नाही, असे जुने खवय्ये म्हणतात. शक्य आहे. पण त्याच्या बरणीमागे मेलेले जंगल नसते.

जुसारा ब्राझीलच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे, २००६ च्या माता अटलांटिका कायद्याने त्या जंगलाला स्वतंत्र संरक्षण आहे आणि चोरटी तोड अजूनही पूर्ण थांबलेली नाही. पण साओ पाउलोच्या किनाऱ्यालगत उबातुबा परिसरात आणि रिबेरा खोऱ्यात, पळून स्वतंत्र झालेल्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांसह काही गावांनी असाईचा धडा उचलला आहे. ते जुसाराचा शेंडा तोडत नाहीत, घड उतरवतात; काही घड पक्ष्यांसाठी झाडावरच ठेवतात. फळे कोमट पाण्यात भिजवून यंत्रात घातली की गर सुटतो आणि जांभळ्या रसाची पिशवी बाजारात जाते. खाली उरलेल्या बिया या प्रक्रियेत मरत नाहीत. त्या पोत्यांत भरून पुन्हा जंगलात नेल्या जातात आणि पाऊस पडून गेल्यावर सावलीत विखुरल्या जातात.